मॅचच्या रात्री पोट बिघडवते ती तर्री नव्हे

आयपीएल सुरू झालं की विदर्भातल्या गावच्या ग्रुपवर तर्रीबद्दल, म्हणजे पोह्यांवर ओततात त्या तिखट रश्शाबद्दल, हा सल्ला फिरू लागतो: 'मॅच पाहताना तर्री टाळा, तिखटानं जुलाब होतात. साधे पोहे, आलूबोंडे खा. दुपारी करून ठेवले तरी चालतं, गरम केले की जंतू मरतात. वरून कोल्ड्रिंक प्या, पचतं.'

तर्रीपासून सुरुवात करू. फार तिखटानं जळजळ होते, आम्लपित्तवाल्यानं जपून खावं, एवढं खरं. पण चौकातल्या पडद्यासमोर बसलेले दहा जण रात्री एकदम ओकू लागले, तर तो मिरचीचा गुण नव्हे. तर्रीचा गंज (पातेलं) शेगडीवर रटरटत असतो आणि उकळीत जंतू वाढत नाहीत. फक्त गॅस वाचवायला गंज मध्येच उतरवू नका. रस्सा आटला तर उकळतंच पाणी घाला. गार पाण्यानं उकळी मोडते आणि तवंगही बसतो.

खरी गोम 'साध्या' पोह्यांत आहे. मॅच साडेसातला, पोहे दुपारीच करून झाकलेले. ओलसर, पिठूळ, कोमट पदार्थात बॅसिलस सेरियस हा जंतू मजेत वाढतो. त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, शिजवूनही टिकतात, आणि ५ ते ६० अंशांचा पट्टा धोक्याचा; उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री आठलाही हवा तिशीच्या पुढे असते. 'गरम केले की जंतू मरतात' हे अर्धंच खरं. जंतू मरतील, पण उलट्या घडवणारं त्याचं विष उकळूनही मोडत नाही. आलूबोंड्याच्या सारणाचंही तेच: हातानं कुस्करताना, विशेषतः बोटाला जखम असेल तर, स्टॅफिलोकोकस हा त्वचेवरचा जंतू त्यात उतरतो आणि त्याचं विष तळणीतून सहीसलामत बाहेर येतं. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या होतात, आणि नाव तर्रीचं.

म्हणून पोहे कोरडेच ठेवा आणि अर्ध्या किलोचा घाणा काढा. जाडे पोहे दोनदा धुऊन दहा मिनिटं निथळायचे, फोडणीत घालून पाच मिनिटं वाफ. आठ-दहा प्लेटी होतात, तासाभरात संपतात. मग पुढचा घाणा. पोहे आधीच भिजवून ठेवले तर गोळा होतो, मग विकणारा पाणी शिंपडत बसतो. आलू उकडून सालासकट ठेवा, मॅशरनं कुस्करा, सारण दोन तासांच्या आत तळा.

कोल्ड्रिंकनं ढेकर येतो, पचन होत नाही. २५० मिलीच्या कोला बाटलीत साधारण २६ ग्रॅम साखर असते, जुलाब लागले असतील तर ती त्रास वाढवते. तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट द्या. मठ्ठा चांगला, पण त्यातला बर्फ तपासा: निळसर असेल तर तो खाण्याचा नाही, माल थंड ठेवण्याचा आहे.