पूल झाला म्हणून बेट संपत नाही

आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या आठवड्यात वसईच्या खाडीतील पाणजू गावावरून वाद पेटला. ज्या बेटावरून पश्चिम रेल्वेचे रूळ जातात ते कसले बेट, तेव्हा तिथल्या लोकांनी वेगळ्या सोयींचा हट्ट धरू नये, असे एकाने ठणकावले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या इन्व्हरनेस शहरात बसून मी चिडलो, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

भाईंदर आणि नायगावच्या मधोमध दोन पुलांच्या आधाराने विरार लोकल पाणजू ओलांडते, पण तिथे स्टेशन नाही. गावकऱ्यांनी नायगाव गाठायचे ते बोटीने, नाहीतर रेल्वेपुलाच्या कडेने जीव मुठीत धरून चालत. त्याच पुलावर भाविक मंडळी लोकलच्या दारातून निर्माल्याच्या पिशव्या खाडीत भिरकावतात. 2025 मध्ये असा फेकलेला नारळ लागून पुलावरून चालणारा पाणजूचा एक तरुण दगावला. रुळांमुळे बेटपण गेले म्हणणाऱ्याने ती गाडी पाणजूकरांसाठी कधी थांबली तेवढे सांगावे.

आमच्याकडे (हा शब्द मी आता न अडखळता लिहितो) स्काय नावाच्या बेटाला 1995 पासून पूल आहे. मुख्य भूमीवरच्या काइल गावाहून गाडी काढली की काही मिनिटांत माणूस पलीकडे पोहोचतो, तरीही स्कायला बेट म्हणायचे की नाही यावर सरकारदरबारी वाद नाही, कारण 2018 च्या स्कॉटिश बेट कायद्याने बेट ठरवताना पुलासारखी मानवनिर्मित बांधकामे हिशेबात धरायची नाहीत असे स्पष्ट केले आहे. कायमचा राहणारा एक माणूस असला तरी ते वस्तीचे बेट ठरते, आणि एखाद्या धोरणाचा बेटवासीयांवर इतरांपेक्षा लक्षणीय वेगळा परिणाम होणार असेल तर त्याचे मूल्यमापन करणे संबंधित सार्वजनिक संस्थांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे 2019 च्या बेटांसाठीच्या किनारा नियमन अधिसूचनेने अंदमान-निकोबारमधील आठ मोठ्या बेटांचे क्षेत्रफळावरून दोन गट पाडले, 1000 चौरस किलोमीटरच्या वरची आणि 100 ते 1000 मधली. मुख्य भूमीलगतच्या बेटांच्या वाट्याला त्याच वर्षीच्या दुसऱ्या किनारा नियमन अधिसूचनेतून बांधकामबंदीचा 20 मीटरचा पट्टा आला. किनारा जपायला हे हवेच, पण या नियमांत जमीन मोजली जाते, तिथून रोज कामाला निघणारा माणूस मोजला जात नाही.

यावर मित्राचे उत्तर तयार होते: तुमच्या साऱ्या बेटांवर मिळून माणसे किती? 2011 च्या जनगणनेत स्कॉटलंडच्या 93 वस्तीच्या बेटांवर सुमारे 1 लाख 3 हजार, हे खरे आहे. तेवढी माणसे मीरा रोडच्या दोन-चार वस्त्यांत सहज मावतील. शिवाय इथल्या बेटांसाठी 2015 मध्ये मागवलेल्या दोन फेरीबोटींपैकी पहिली प्रवाशांना घेऊन निघायला 2025 चा जानेवारी उजाडला, हे मी ग्रुपवर लिहिले नाही. लिहिले असते तर वाद तिथेच संपला असता आणि तो मला संपवायचा नव्हता.

कारण उघड आहे. मी मीरा रोडला वाढलो, म्हणजे साष्टी बेटावर, जिथे आपण बेटावर राहतो असे कोणाच्या मनातही येत नाही. पाणजू मी लोकलच्या खिडकीतून पाहिले, तेही दारातल्या माणसांच्या खांद्यांमधून, आणि उतरायची सोय नसल्याने कधी उतरलो नाही. आता मात्र स्कायच्या माणसाला ‘मीही बेटावरचाच’ असे सांगतो, आणि तो मुंबईची लोकसंख्या ऐकून हसतो. इथे लुईस बेटाहून आलेला माझा एक सहकारी फेरी रद्द झाली की वैतागून म्हणतो, ‘तुम्हा मेनलँडवाल्यांना काय कळणार!’ त्या ‘तुम्हा’मध्ये तो मला इतक्या सहज धरतो की मी कधीच हरकत घेत नाही. या देशात कोणी काही न विचारता मला एखाद्या गटात घातले असेल, तर तो हा एवढाच.