स्टिकर आमच्याकडे लाल झालेला नाही, सर

नमस्कार सर,

आमच्या मोबाइल सर्व्हिस सेंटरबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला तासभर ताटकळावं लागलं, वरून फोन दुरुस्त न होताच परत जावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. एक स्टार दिलात, तेही मान्य. पण तुम्ही पुढे लिहिलंय की फोन कोरडा होता, आम्ही तो आत नेला आणि अर्ध्या तासाने 'स्टिकर लाल करून', म्हणजे सिम ट्रेच्या खाचेतला पाणी लागलं की लाल होणारा स्टिकर भिजवून, बाहेर आणला, वॉरंटी नाकारायचा यांचा धंदाच आहे, चोर आहेत. हे वाचल्यावर दोन रात्री झोप लागली नाही. या एकाच गोष्टीचं उत्तर द्यायला बसलोय, थोडं लांबेल.

9 जुलैला दुपारी 12 वाजून 5 मिनिटांनी तुमची जॉबशीट, म्हणजे फोन दुरुस्तीला घेतल्याची नोंद, बनली. तक्रार लिहिली आहे: चार्ज होत नाही, स्क्रीनवर रेघा येतात. पाणी लागलं का, या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलंय, खाली तुमची सही आहे. त्यानंतर काउंटरवरच सिम ट्रे काढून आत टॉर्च मारला आणि फोटो घेतला. फोटोची वेळ 12 वाजून 11 मिनिटं. फोन आत टेक्निशियनकडे गेला 12 वाजून 24 मिनिटांनी. म्हणजे फोन आत जायच्या 13 मिनिटं आधीच्या फोटोत तो स्टिकर लाल आहे. त्याच फोटोत आमच्या काउंटरची काच दिसते आणि तुमच्या हेल्मेटची कडाही दिसते. फोटो माझ्याकडे आहे, कधीही येऊन बघा.

आता आमचं चुकलं ते सांगतो. तो फोटो तिथल्या तिथे तुम्हाला दाखवायला हवा होता. काउंटरवरची मुलगी तीन महिन्यांपूर्वीच लागली आहे. तुम्ही कॉलवर होता, मध्ये बोलणं तिला बरं वाटलं नाही, असं ती म्हणाली. ती गप्प राहिली आणि नंतर एकदम 'वॉरंटी रिजेक्ट' असं कानावर आल्यावर तुम्हाला संशय आला, हे मी समजू शकतो. तुमच्या जागी मलाही आला असता. पण त्यानंतर तिच्यावर तुम्ही ज्या आवाजात ओरडलात, ते दुकानातल्या सगळ्यांनी ऐकलं. ती संध्याकाळपर्यंत रडत होती. एवढं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आत का नेतात, असंही तुम्ही विचारलंय. या फोनची मागची काच गोंदाने चिकटवलेली असते. हीटिंग पॅडवर गरम करून, पातळ पत्ती घालून ती सोडवावी लागते. खाली बॅटरी असते. तिला पत्ती टोचली तर ती पेट घेऊ शकते. गर्दीच्या काउंटरवर, लहान मुलं उभी असताना, हे काम करता येत नाही. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

कुणी म्हणेल, पाण्याचा थेंब लावला की स्टिकर कुणीही लाल करू शकतो. खरं आहे. तो पांढरा असतो, पाणी लागलं की आतला रंग वर येतो आणि पुन्हा पांढरा होत नाही. मुंबईच्या दमट हवेने झाला असेल, असं तुम्ही म्हणालात. पण नुसत्या दमटपणाने रंग बदलू नये अशाच बेताने तो बनवलेला असतो. तरीही नुसत्या स्टिकरवर आम्ही कुणाची वॉरंटी नाकारत नाही. तुमच्या फोनच्या चार्जिंग जॅकवर आणि आतल्या सर्किट बोर्डाच्या खालच्या बाजूला हिरवा कळंक चढलाय, तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा. बंद केलेल्या फोनमध्ये तो अर्ध्या तासात कुणाला आणता येत नाही. त्याला दिवस लागतात.

आणि हे खरं तर इथे लिहायचं नव्हतं, पण चोर म्हटल्यावर लिहितो. जॅकमधून चिमट्याने तांदळाची कणी निघाली. सोबत पीठही होतं. फोन भिजल्याशिवाय कुणी तो तांदळाच्या डब्यात ठेवत नाही. तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. घरात चार माणसं असतात, मुलं असतात, तुम्हाला न सांगता कुणी ठेवला असेल. एवढंच सांगतो की तांदूळ बोर्डावरचं पाणी ओढून घेत नाही. फोन तांदळात पडून असतो त्या दिवसांत क्षार सुकून बसतात आणि मग कुणी चार्जरला लावला की खेळ संपतो. भिजल्या दिवशीच बंद करून आणला असता तर कदाचित नुसत्या सफाईत वाचला असता. पाऊस अजून बराच बाकी आहे, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठीही हे लिहितोय.

पाणी बोर्डाचं काय करतं हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. वडिलांचं परळला, हिंदमाताजवळ, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, लोकांचे दुरुस्तीला आलेले सगळे सेट पाण्यात गेले. वडिलांनी कुणाला 'तुमचं नशीब' असं सांगितलं नाही. पुढचे कित्येक महिने एकेक बोर्ड ब्रशने घासत बसले, बरेचसे पैसे न घेता. मी त्यांच्या शेजारी बसून शिकलो. त्या माणसाच्या मुलाला तुम्ही चोर म्हणालात.

फोन वॉटरप्रूफ म्हणून 38 हजारांना घेतला, मग पाण्याची वॉरंटी का नाही, हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे. जाहिरातीत फोन पाण्यात बुडवून दाखवतात. फोन किती पाणी सोसतो ते आयपी नंबरावरून कळतं. आयपी 67 म्हणजे 1 मीटर गोड्या पाण्यात 30 मिनिटं. 68 म्हणजे त्याहून कठीण चाचणी, किती खोल आणि किती वेळ हे कंपनी ठरवते. दोन्ही चाचण्या नव्या कोऱ्या फोनवर होतात. समुद्राचं पाणी, साबण, वरून पडून सैल झालेला गोंद, यातलं काही त्यात धरलेलं नसतं. वॉरंटी कार्डावर मात्र बारीक अक्षरात 'द्रवामुळे झालेलं नुकसान वगळून' असं असतं. ग्राहकाला हे विकतानाच सांगायला हवं. पण ते कार्ड मी छापलेलं नाही. आम्ही फोटो अपलोड करतो, कंपनीकडून 'सीआयडी', म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान, असा शेरा आला की वॉरंटीतून पार्ट मिळतच नाही.

नाकारण्यात आमचा फायदा म्हणाल, तर वॉरंटीच्या प्रत्येक कामाचे पैसे आम्हाला कंपनी देते. नाकारलं आणि ग्राहक फोन घेऊन निघून गेला, तर हातात काहीच नाही. पैसे भरून काम केलंत तर थोडी मजुरी सुटते, तेही लपवत नाही. पण तेवढ्यासाठी स्टिकर भिजवायचा? इथे सहा जणांचे पगार निघतात, दादरचं भाडं आहे, आणि कंपनी आमचे स्टार बघून एजन्सी ठेवायची की नाही ते ठरवते. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून तिघांनी फोन करून विचारलं, खरंच असं करता का?

तुम्हाला कंपनीचा निर्णय मान्य नसेल तर जरूर भांडा. जॉबशीट, सगळे फोटो आणि नकाराचं लेखी कारण सही-शिक्क्यासह मी स्वतः देतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगातही करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. तिथे मला बोलावलं तर हेच सगळं सांगेन.

तपासणीचे 300 आणि जीएसटी धरून 354 रुपये घेतले होते, ते परत करतो. फोटो ग्राहकाला दाखवून त्यावर सही घ्यायची, असं काउंटरवर सांगितलंय. आतल्या टेबलावर कॅमेरा लावून बाहेर स्क्रीन ठेवायचंही बघतोय, लवकरच करू.

सोमवार सोडून मी 11 ते 8 दुकानात असतो. जॉबशीट घेऊन या, काउंटरवर थांबू नका, सरळ मला हाक मारा. बोर्डाच्या सफाईची मजुरी घेणार नाही. चालू होईलच असं वचन देत नाही, कारण कळंक बराच आत गेलाय. फोटो स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर पटलं, तर तो 'चोर' शब्द तेवढा काढा. स्टार एकच राहू दे.