पिळून काढलेला रविवार

रक्तातल्या साखरेच्या तपासणीत माझं एचबीएवनसी 6.1 आलं. डॉक्टर म्हणाले, "डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर आहात." 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठा, 6.5 ला माणूस घरात. आमच्या दादरच्या घराचा उंबरठा टाइल्स बदलताना काढून टाकलाय, त्यामुळे आपण नक्की कुठे उभे आहोत याचा मला अंदाज येईना.

ही तपासणी फार कावेबाज आहे. रक्तातल्या लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांत जी साखर भेटेल ती अंगाला चिकटवून घेतात. म्हणजे आदल्या दोन दिवसांत कारल्याचा रस पिऊन लॅबला गंडवायची सोय नाही. उपाशीपोटीच्या शुगरला मी चार वर्षं तसाच गंडवत आलो होतो.

मग डाएटिशियन आली. तिने भात, पोळी, पाव, बटाटा, साबुदाणा असं सगळं एका दमात माझ्या आयुष्यातून काढून टाकलं आणि वर सांगितलं, "प्रत्येक जेवणाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. पेशंट खोटं बोलतात, ताट बोलत नाही." हे वाक्य लक्षात असू द्या.

दहाव्या दिवशी दुधीच्या सूपकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीला दया आली. "बाबा, फ्लॉवरचा पिझ्झा करू या," ती म्हणाली आणि तिने मला एक व्हिडिओ दाखवला. फक्त तीन घटक: फ्लॉवर, अंडं आणि चीज. वेळ पंचवीस मिनिटं. व्हिडिओतल्या बाईच्या ओट्यावर कुंडीतल्या तुळशीसारख्या एका रोपाशिवाय काहीही नव्हतं. ना मिक्सरचं भांडं, ना पाण्याचा पिंप, ना कालच्या इडलीच्या पिठाचं पातेलं. ज्या घरात ओटा इतका मोकळा असतो तिथे काहीही पंचवीस मिनिटांत होत असेल.

रविवारी सकाळी छत्री घेऊन स्टेशनकडे निघालो. केशवसुत पुलाच्या आसपासच्या भाजीवाल्यांकडे फ्लॉवर होता, पण श्रावणातला. थंडीत हाच फ्लॉवर पांढराशुभ्र असतो आणि भाजीवाले तो गळ्यात मारायला मागे लागतात. पावसाळ्यात तो चुरगळलेल्या धोतराच्या रंगाचा असतो आणि भाव विचारला की भाजीवाली आपल्याकडे बघतसुद्धा नाही.

"तीस रुपये पाव."

"मोठा गड्डा द्या."

"पाच पाव भरला. दीडशे."

तर त्या रविवारी आमच्या घरात पहिले पाच पाव आले ते असे, पथ्याचे.

यामागचं गणित बिनचूक होतं. 100 ग्रॅम मैद्यात 75 ग्रॅमच्या आसपास कर्ब, म्हणजे कर्बोदकं, असतात, तेवढ्याच फ्लॉवरमध्ये जेमतेम 5. व्हिडिओने सांगितलं नव्हतं ते एवढंच, की फ्लॉवरमध्ये 92 टक्के पाणी असतं. म्हणजे भर पावसात मी सव्वा किलो पाणी दीडशे रुपयांना विकत घेऊन, ते भिजू नये म्हणून छत्रीखाली धरून घरी आणत होतो.

घरी आल्यावर तुरे सुटे करून हळद-मिठाच्या पाण्यात घातले. अर्ध्या तासात सात अळ्या वर आल्या. आई श्रावण पाळते, त्यामुळे या सात जणींची कामवालीच्या मदतीने खाली बागेत सन्मानाने रवानगी झाली. श्रावणावरून आठवलं, अंडं! पिझ्झ्याला धरून ठेवणारं अंडं घरात आणायचं नाव काढताच आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी तिला समजावायला लागलो. मैद्यात ग्लूटेन असतं, त्याची मळून मळून जाळी होते, म्हणून पिझ्झा ताणला तरी तुटत नाही. फ्लॉवरमध्ये ते नसतं, म्हणून त्याला कुणीतरी धरून ठेवावं लागतं. फ्लॉवर हिंदुस्थानात 1822 साली सहारनपूरच्या बागेत इंग्रजांनी आणला, हेही मी तिला मोबाइलवरून वाचून दाखवलं. हे का दाखवलं ते आता आठवत नाही. "म्हणजे दोनशे वर्षं झाली," आई म्हणाली. "एवढ्या वर्षांत कुणाला त्याचा पिझ्झा करावासा वाटला नाही. भाजीच केली सगळ्यांनी."

अंड्याला पर्याय मुलीने शोधला: इसबगोल. हे मी गमतीने सांगत नाहीये, कर्ब टाळणारे लोक खरंच वापरतात. पाणी लागलं की ते फुगतं आणि खळीसारखं सगळं धरून ठेवतं. आमच्या घरी तो डबा आईच्या उशाशी असतो आणि त्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही. तिने दोन चमचे मोजून दिले आणि रात्रीपुरतं शिल्लक आहे ना, हे डबा हलवून बघितलं.

फ्लॉवर किसायचं काम माझ्याकडे आलं. पहिली खेप मिक्सरमधून काढली तर तिची चटणी झाली. मग किसणी. किसलेला फ्लॉवर दिसतो छान, अगदी ओल्या नारळासारखा. फक्त तो ताटात कमी आणि ओट्यावर, चष्म्यावर आणि शेगडीखाली जास्त पडतो. मायक्रोवेव्ह नसल्याने तो वाफवायला बायकोने मोदकपात्र काढलं. "गणपतीच्या आधी मोदकपात्रात कोबीफ्लॉवर!" असं आई देवघराच्या दिशेने म्हणाली, म्हणजे आम्हाला ऐकू यावं अशा बेताने.

पाच मिनिटं वाफवायचा होता. पाऊस आत येत होता म्हणून खिडक्या लावून घेतल्या, आणि मी दोन मिनिटं म्हणून पेपर घेऊन बसलो. वीस मिनिटांनी बेल वाजली.

दारात समोरच्या ब्लॉकमधले काका, नाकाला रुमाल. त्यांच्या मागे सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांच्या मागे वॉचमन.

"अरे, तुझ्याकडे गॅस लीक होतोय! लाइट लावू नकोस, बटणाला हात लावू नकोस!"

फ्लॉवर जितका जास्त शिजेल तितका त्यातला गंधक मोकळा होतो. आणि मुळात वास नसलेल्या गॅसला, गळती कळावी म्हणून जो वास मुद्दाम लावतात, तोही गंधकाच्याच घराण्यातला. हे मी त्यांना दारात उभा राहून सांगितलं. सेक्रेटरींचा चेहरा मेंटेनन्स थकवणाऱ्याकडे बघताना होतो तसा झाला. वॉचमनने तोवर तत्परतेने आमच्या विंगच्या पाइप गॅसचा मुख्य कॉक बंद केला होता. रविवार, दुपारचे साडेबारा. चार मजल्यांवरचे कुकर पहिल्या शिट्टीच्या बेतात असताना थांबले. पुढचा अर्धा तास जिन्यात माझ्याबद्दल जे बोललं गेलं ते बायकोने दार किलकिलं करून ऐकलं. मला तिने त्यातलं निम्मंच सांगितलं.

काका मात्र घरी गेले नाहीत. "आता आलोच आहे तर बघून जातो काय करताय ते," म्हणून त्यांनी डायनिंगची खुर्ची ओढली.

आता पिळणं. सबंध कृतीत हे एकच खरं काम आहे आणि व्हिडिओत ते चार सेकंदांत उरकलं होतं. श्रीखंडाच्या चक्क्यासाठी आई मलमलचं एक फडकं वेगळं ठेवते. ते मिळवायला पाच मिनिटं वाटाघाटी झाल्या. त्यात फ्लॉवरची पुरचुंडी बांधली. ती बाहेरून कोमट लागते म्हणून माणूस जोरात पिळतो, आणि मग आतली वाफ बोटांना भेटते. पहिल्या पिळ्याला पिवळसर पाण्याची धार लागली. दुसऱ्याला पुन्हा धार. वाटलं संपलं, म्हणून फडकं उघडलं, तर आत फ्लॉवर ओलाच. पुन्हा बांधला. मनगट दुखायला लागल्यावर बायकोने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि चादर पिळतात तसे आम्ही उलटसुलट फिरलो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण एवढ्या एकजुटीने आम्ही दुसरं काही केलं नसेल. काका एकेक धार मोजत होते. मध्येच माझी नजर वॉशिंग मशिनच्या ड्रायरकडे गेली. "अहो, विचारसुद्धा करू नका," बायको मागून म्हणाली. मी तोंड उघडलंही नव्हतं.

नेपल्सच्या पिझ्झावाल्यांच्या कलेला 2017 साली युनेस्कोने मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. त्यांचा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत 60 ते 90 सेकंदांत भाजून होतो. माझा एवढ्या वेळात अजून गळत होता.

अखेर पातेल्यात दोन मोठे पेले पाणी जमलं आणि फडक्यात उरला तो टेनिसच्या दोन चेंडूंएवढा गोळा. सव्वा किलोचा! त्यात दोनशे ग्रॅम चीज किसून घातलं. मैदा टाळायचा म्हणून दोनशे ग्रॅम चीज, यावर काका काहीतरी बोलणार होते, पण वाट बघणाऱ्याने बोलू नये एवढं त्यांना कळतं. इसबगोल घातला, मीठ, ओरेगॅनो. बटर पेपरवर थापायला लागलो. बोटं पाण्यात बुडवून, कडेने फिरवत, मध्ये एक भोक...

"भोक कशाला?" मुलगी ओरडली.

हात सवयीने गेला होता. आई गालात हसली, पण 'थालीपीठ' हा शब्द तिने उच्चारला नाही. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. भोक बुजवलं.

ओटीजी ओव्हनमध्ये 200 अंशांवर अर्धा तास नुसता बेस. कडा खरपूस झाल्या, मधला भाग दमट राहिला. आणखी दहा मिनिटं. वर टोमॅटोचा सॉस, कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटोच्या चकत्या, उरलेलं चीज. पुन्हा आत. साडेतीनला बाहेर काढला तेव्हा खोटं कशाला सांगू, तो पिझ्झा दिसत होता. चीजवर तपकिरी ठिपके, कडेला बुडबुडे, वास तर थेट हॉटेलातला. मुलीने स्टुलावर चढून वरून फोटो काढला. मी तो तिथल्या तिथे डाएटिशियनला पाठवला.

मग सुरी फिरवली. त्रिकोण सुटला. उचलला, तर टोकाने मान टाकली; वरचा सरंजाम चीजसकट सुरीबरोबर आला आणि बेस जागच्या जागी राहिला. त्याला खालून उलथनं घातलं तर बटर पेपरही बरोबर निघाला. दुसरा तुकडा, तिसरा तुकडा. ताटलीत लालपांढरा ढीग झाला. कुणी काही बोललं नाही. बाहेर पाऊस पडत होता.

"चमच्याने घेऊ का?" काकांनी हळूच विचारलं.

आई उठली. तिने ताटलीत डोकावून बघितलं. "यात आहे काय? फ्लॉवर, टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा. मटार नाहीत एवढंच." तिने मोठा तवा चढवला, अमूल बटरची जाडसर चकती सोडली आणि माझा सबंध पिझ्झा, कागद वेचून, त्यात लोटला. फ्रीझरमधून मटार आले. मसाल्याच्या डब्यामागून पावभाजी मसाल्याचं पाकीट आलं. मॅशर खणखणायला लागला, आणि पाच मिनिटांत घरात असा वास सुटला की या वेळी शेजारून कुणीही गॅसची तक्रार घेऊन आलं नाही.

"एखादा बटाटा उकडून घालू का? मिळून येईल," आईने विचारलं.

"छे, बटाटा नको!" बायको म्हणाली. "त्यांना कर्ब चालत नाहीत."

तसंही मिळून येण्याची गरज नव्हती. इसबगोलाने तव्यात आल्यावर कामाला सुरुवात केली होती. ओटीजीत हाच काय झोपला होता?

काका उठले. "जरा खाली जाऊन येतो," एवढंच म्हणाले. कशाला, हे कुणी विचारलं नाही. दहा मिनिटांनी ते परत आले तेव्हा शर्ट ओला होता आणि पोटाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पावाच्या दोन लाद्या कोरड्या होत्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी भाजीकडे. आईने पाव उभे चिरले, लोण्यात दाबले आणि माझ्या ताटात कोथिंबीर, लिंबू आणि बारीक चिरलेला कांदा वाढला. पहिला पाव मी चवीसाठी घेतला, दुसरा कष्टासाठी. तिसऱ्याला कारण लागलं नाही.

संध्याकाळी डाएटिशियनचा मेसेज आला. तीन अंगठे आणि खाली, "व्वा! असे पेशंट हवेत. कृती नीट मापासकट लिहून पाठवा ना, बाकीच्यांनाही देते."

कृती लिहायला घेऊन आज चार दिवस झाले. फ्लॉवर पाच पाव, इथवर बरोबर जमलंय. पुढचे तीन कुठे घालायचे ते सुचत नाहीये.