‘जवान गेला की गाणं बंद’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

सीमेवर काही घडलं की गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास उगवतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. ‘मेजर शैतानसिंग यांचा बर्फात गोठलेला देह सापडल्याचं कळताच कवी प्रदीप यांनी एका रात्रीत “ऐ मेरे वतन के लोगों” लिहिलं. आपल्या मंगेशीत जन्मलेल्या लतादीदींनी ते एक पैसा न घेता गायलं. आजची देशभक्तीची गाणी म्हणजे निव्वळ धंदा. गोव्यातलं गाणं तर कार्निव्हलपुरतं, त्याचा दुःखाशी संबंध काय? म्हणून जवान शहीद झाला की तियात्र, नाटक, ऑर्केस्ट्रा तेरा दिवस बंद ठेवा. श्रद्धांजली द्यायचीच तर शिगम्याच्या ढोल-ताशांनी दणक्यात द्या, पाश्चात्य वाद्यं नकोत.’

पाठवणाऱ्याची कळकळ खोटी नसते. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकलेलं आहे, आणि शेवटची दोन तर श्रद्धांजलीचे कार्यक्रम प्रत्यक्षात बिघडवतात.

‘देह सापडला आणि एका रात्रीत गाणं झालं’

तारखा लावून बघा. लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत शैतानसिंग चिनी सैन्याशी लढताना पडले, ती लढाई १८ नोव्हेंबर १९६२ ची. त्यांच्या, १३ कुमाऊं पलटणीच्या चार्ली कंपनीतल्या सुमारे १२० जणांपैकी शंभराहून अधिक तिथे पडले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. गाणं पहिल्यांदा गायलं गेलं २७ जानेवारी १९६३ ला, नवी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये. शैतानसिंग आणि त्यांच्या साथीदारांचे देह मात्र मिळाले फेब्रुवारी १९६३ मध्ये. म्हणजे मेसेजमधलं कारण परिणामाच्या नंतर घडलेलं आहे!

रेझांग लाच्या बातम्यांनी प्रदीप हलले, माहीमच्या समुद्रावर फिरताना त्यांनी सिगारेटच्या पाकिटातल्या कागदावर ओळी टिपल्या, असं सांगतात. असेलही. पण ओळी सुचणं वेगळं आणि गाणं उभं राहणं वेगळं. युद्धबंदी आणि ते गाणं यांच्यात ६७ दिवस आहेत. त्या काळात शब्द घासले गेले, सी. रामचंद्रांनी चाल बांधली, आधी आशाबाईंबरोबर द्वंद्वगीत करायचं ठरलं होतं ते बदललं, तालमी झाल्या.

गाण्याची बांधणी जवळून पाहिली की हे काम घाईचं नाही हे दिसतं. सुरुवात तालात नाही. त्या मोकळ्या भागात कवी श्रोत्याला अडवत नाही. घोषणा द्या म्हणतो, तिरंगा फडकवा म्हणतो, आजचा दिवस शुभ आहे हेही मान्य करतो. प्रजासत्ताक दिनाच्या दुसऱ्या दिवशी जमलेल्या लोकांना तो आधी त्यांच्याच मनःस्थितीत भेटतो. मग एक ‘पण’ येतो, घरी न परतलेले आठवतात, आणि त्यानंतरच ठेका सुरू होतो. अख्ख्या गाण्यात चीनचं नाव नाही. मारणाऱ्यापेक्षा मरणाऱ्याकडे नजर आहे. म्हणूनच १९६५, १९७१, कारगिल, कुठल्याही प्रसंगी एक शब्द न बदलता ते चालतं. २०२२ मध्ये बीटिंग रिट्रीट या प्रजासत्ताक दिन सोहळ्याच्या सांगतेच्या लष्करी संचलनातून ‘अबाइड विथ मी’ ही इंग्रजी प्रार्थना वगळली गेली आणि हे गाणं आलं, तेही त्यामुळेच जमलं.

‘मंगेशीत जन्मलेल्या लतादीदी’

मंगेशी दीनानाथांचं गाव. लतादीदींचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, इंदूरचा. मंगेशीत कुणालाही विचारा.

‘एक पैसाही घेतला नाही’

त्या दिवशी कुणी बिदागी घेतली नाही असं सांगतात; मानू. पण पुढची गोष्ट मेसेजमध्ये नसते. प्रदीप यांनी या गाण्याची रॉयल्टी युद्धविधवांच्या निधीला देऊ केली होती. ती तिथे पोहोचावी म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २००५ मध्ये न्यायालयाने रेकॉर्ड कंपनीला त्या निधीत १० लाख रुपये भरायला सांगितलं. गाणं झाल्याला तेव्हा ४२ वर्षं उलटली होती. त्याग गायकाने केला, कवीने केला. अडलं ते कागदावर. ‘कलाकारांनी फुकट यावं’ असा आग्रह धरणाऱ्यांनी आधी कागदाचं बघावं. त्याबद्दल शेवटी.

‘तेव्हा भावना होती, आता धंदा’

त्याच युद्धावरचं ‘जिंकू किंवा मरू’ आठवा. गदिमांचे शब्द, आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातल्या वसंत देसाईंची चाल, महेंद्र कपूरांचा आवाज. ते ‘छोटा जवान’ या १९६३ च्या चित्रपटातलं आहे आणि चित्रपट तिकीट लावूनच दाखवला गेला. ‘हकीकत’ १९६४ चा, तोही तिकिटाचाच. धंदा तेव्हाही होता, आणि धंद्याच्या पोटी चांगली गाणीही झाली.

खरा फरक वेगळ्या ठिकाणी आहे. कारगिलच्या वेळी लोकांच्या तोंडी असलेलं घरच्या पत्राचं गाणं १९९७ च्या ‘बॉर्डर’मधलं, म्हणजे कारगिलच्या दोन वर्षं आधीचं आणि १९७१ च्या युद्धाबद्दलचं. ‘तेरी मिट्टी’ २०१९ च्या मार्चमध्ये आलं, पुलवामानंतर महिन्याभराने; पण ते ज्या चित्रपटातलं, तो १८९७ च्या सारागढीच्या लढाईवरचा, पुलवामाच्या आधीपासून तयार होत असलेला. दुःखात लोक बहुतेक वेळा नवं गाणं मागत नाहीत, हाताशी असलेल्यांतलं एक उचलतात आणि आपलं करतात.

घटनेच्या दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर येणारी गाणी टिकत नाहीत, त्याची कारणं तांत्रिक आहेत. तयार लूपवर शब्द बसवलेले असतात, मध्ये बातमीदाराचा आवाज घुसवलेला असतो, मुखड्यातच ठिकाणाचं आणि शत्रूचं नाव असतं. सहा महिन्यांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या जवानासाठी ते लावताच येत नाही. इथे मेसेजवाल्याचा राग रास्त आहे. घटना घडल्याबरोबर मुंबईत चित्रपटांची नावं नोंदवायला जी धावपळ होते, ती पाहून कुणालाही शिसारी येईल.

‘गोव्याचं गाणं म्हणजे कार्निव्हल’

हे वाक्य गोव्याबाहेरच्या माणसाने लिहिलं असतं तर सोडून दिलं असतं. २१ सप्टेंबर १८९० ला मडगावात पालिका निवडणुकीच्या वेळी सैनिकांनी लोकांवर गोळ्या झाडल्या. त्यावर मांडो झाला. त्या तारखेनेच सुरू होणारा तो मांडो आजही गातात. मांडो म्हणजे घुमट हे मडक्याचं तालवाद्य आणि व्हायोलिन यांच्यावरचं संथ नाचगाणं, लग्नघरातलं. सार्वजनिक शोक लोकांनी आपल्या सगळ्यांत लाडक्या प्रकारात ओतला.

चाळीस दिवसांच्या उपवासकाळात चर्चमध्ये गायले जाणारे मोतेत ऐका: दोन-तीन आवाज, व्हायोलिन, क्लॅरिनेट, तळाला डबल बेस, तालवाद्य नाही. आणि तियात्रातली, म्हणजे कोकणी नाटकातली, कांतारां (गाणी) तर कथेपासून सुटी असतात. दोन पडद्यांच्या मधे गायक पुढे येतो आणि त्या आठवड्यात गावात, देशात काय घडलं त्यावर गातो. तियात्र बंद ठेवा म्हणणं म्हणजे जिथे लोक त्या घटनेवर काही ऐकणार होते तीच जागा बंद करणं.

‘तेरा दिवस सगळं बंद’

सुतक घराचं असतं. त्या घरात वाद्य वाजत नाही हे गावाला सांगावं लागत नाही, आणि त्यांच्या वाड्यावरचा कार्यक्रम पुढे ढकलणं हा साधा शेजारधर्म आहे. सरकारी दुखवटा ही वेगळी गोष्ट. त्या आदेशात ध्वज अर्ध्यावर आणि ‘सरकारी करमणुकीचे कार्यक्रम नाहीत’ एवढंच असतं. खाजगी नाटक, भजन, तियात्र त्यात येत नाहीत.

सरसकट बंदीचं काय होतं याचा धडा अमेरिकेचा आहे. सप्टेंबर २००१ मधल्या हल्ल्यांनंतर क्लिअर चॅनल या रेडिओ साखळीने आपल्या केंद्रांना सुमारे १६५ गाण्यांची ‘सध्या जपून’ अशी यादी पाठवली. त्यात जॉन लेननचं ‘इमॅजिन’ होतं. २१ सप्टेंबरला मदतनिधीसाठी देशभर दाखवलेल्या कार्यक्रमात नील यंगने तेच गाणं गायलं. दहा दिवसांत यादी हास्यास्पद ठरली.

‘ढोल-ताशा लावा, पाश्चात्य वाद्यं नकोत’

जवानाच्या चितेजवळ किंवा कबरीजवळ जो बिगुल वाजतो, ‘लास्ट पोस्ट’, तो पाश्चात्यच आहे. मेसेजमध्ये गौरवलेलं गाणं बांधणारे सी. रामचंद्र गोव्यातल्या हळदोण्याच्या चिक चॉकलेट या ट्रम्पेटवादकाला साहाय्यक म्हणून घेऊन काम करत. हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गोव्याच्या व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाल्यांनीच भरलेले होते.

ढोल-ताशाची अडचण देशी-परदेशीची नाही. ताशाची थाप दाट असते, दोन ठोक्यांत पोकळी राहत नाही, आणि शोकाला पोकळी लागते. रोमटामेळ, म्हणजे शिगम्यातली ढोल-ताशांची मिरवणूक, रस्त्यासाठी आहे. तोच ताफा सभागृहात उभा केला तर पहिल्या रांगेत बसलेल्या आईला दोन मिनिटांत कानावर हात ठेवावे लागतील. सैन्यात शोकसंचलनाला ढोल असतो, पण त्यावर कापड टाकून आवाज दाबलेला, आणि चाल नेहमीच्या मिनिटाला १२० पावलांच्या जवळपास निम्मी. ढोल हवाच असेल तर एकच घ्या, पुडीवर जाड कापड बांधा, ताशा घरी ठेवा.

मग कार्यक्रम करायचा कसा?

क्रम ‘लास्ट पोस्ट’च्या रीतीवरून घ्या. तिथे आधी निरोपाचे सूर, मग शांतता, मग जागं करणारा दुसरा बिगुल. म्हणजे आधी तीन-चार मिनिटं एकटं व्हायोलिन किंवा बासरी, मग दोन मिनिटं शांतता, मग गाणं, शेवटी ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत. बहुतेक ठिकाणी उलट करतात: गाणं आधी, शांतता नंतर. या गाण्याचा शेवट ‘जय हिंद की सेना’वर चढत जातो, लोकांचे हात टाळीसाठी उचललेले असतात, आणि त्याच क्षणी निवेदक ‘आता दोन मिनिटं’ म्हणतो. टाळी अर्धवट तुटते, सभागृह अवघडतं. टाळ्या नकोत हे सुरुवातीलाच, एकदाच सांगा.

स्वर ठरवताना मुखड्यावरून ठरवू नका. मुखडा खाली बसतो, गायिकेला वाटतं मूळ पट्टी झेपेल, आणि अंतऱ्यात वरच्या ओळीला आवाज फाटतो. आधी सगळ्यांत उंच ओळ तीनदा गाऊन घ्या, त्यावरून षड्ज ठरवा, मग सुरुवातीचे खालचे स्वर माइकवर ऐकू येतात का ते पाहा. कराओके ट्रॅक असेल तर तो दोन-तीन अर्धस्वरांपेक्षा जास्त सरकवू नका, व्हायोलिनं खेळण्यातली वाटू लागतात. त्याहून बरं म्हणजे संवादिनी, तबला, एक व्हायोलिन, एक बासरी. चार माणसं पुरतात. मोकळ्या सुरुवातीला तबलजीने हात मांडीवर ठेवायचे. कीबोर्डवाल्याने ‘भरीव वाटावं’ म्हणून ऱ्हिदम लावायचा नाही.

मूळ गाणं सहा मिनिटांहून मोठं आहे. सगळे अंतरे घेऊन तुमचं पाचात संपत असेल तर लय पळते आहे. वेळ कमी असेल तर अंतरा गाळा, लय वाढवू नका.

आपल्या पंचायतींची सभागृहं म्हणजे टाइल, पत्रा आणि उघड्या भिंती. आवाज आधीच घुमतो, वर ध्वनिवाला सवयीने इको टाकतो आणि शब्द विरघळतात. इको बंद, गायकाच्या माइकवर १०० हर्ट्झच्या खालचं कापलेलं, जनरेटर इमारतीमागे. पडद्यावर स्फोट आणि फडकते झेंडे नकोत, एक स्थिर छायाचित्र पुरे, तेही घरच्यांना विचारून. गाण्याच्या आधीच्या सुरांवर निवेदकाने शायरी म्हणायची नाही. घरच्यांच्या हातात माइक देऊन ‘दोन शब्द’ मागणं तर अक्षम्य. उघड्यावर असाल तर रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद, ही अट श्रद्धांजलीलाही लागू आहे.

आता कागद. प्रतिलिपी अधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळाला सवलत आहे, पण प्रेक्षक फुकट बसलेले असतील किंवा कार्यक्रम धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असेल तरच. जवानाच्या कुटुंबासाठी तिकीट लावलं की ती सवलत आपोआप मिळत नाही. गाण्यांचा परवाना आधी घ्यावा लागतो. आणि ‘सर्व रक्कम कुटुंबाला’ असं छापण्याआधी हिशेब मांडा. समजा २०० रुपयांची ४०० तिकिटं गेली: ८० हजार. सभागृह, ध्वनी, जनरेटर, परवाना आणि वादकांची बिदागी मिळून ५५ हजार. उरले २५. वादकाला बिदागी द्या, त्याचंही पोट त्यावर आहे. पत्रिकेवर ‘खर्च वजा जाता’ हे तीन शब्द घाला, रक्कम धनादेशाने कुटुंबाच्या खात्यात किंवा सशस्त्र सेना ध्वज दिन निधीत भरा, आणि पावतीची प्रत त्याच सभागृहाच्या फलकावर लावा.