तिकीट गाण्याचं होतं!

तीन दिवस झाले, राग उतरत नाही. म्हणून लिहितेय.

संगीत नाटकांत वर्षानुवर्षं भूमिका केलेले, आज ज्यांचं नाव घेतल्यावर तिकिटं संपतात असे एक गायक नट नाट्यसंगीताचा कार्यक्रम घेऊन दौऱ्यावर निघालेत. आदल्या दिवशी कोल्हापूर, दुसऱ्या दिवशी आमची सांगली, तिसऱ्या दिवशी बेळगाव. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांची काहीच चूक नाही. त्या माणसाने त्या संध्याकाळी जे गायलं ते गळ्यातून नाही, पोटातून गायलं. माझा राग त्यांना आणून त्यांना गाऊ न देणाऱ्यांवर आहे.

तिकीट सहाशे रुपये. मी महिनाभर आधी दोन काढली, माझं आणि बाबांचं. बाबा ८४ वर्षांचे आहेत. गुडघे गेलेत, पुण्या-मुंबईला जाऊन कार्यक्रम ऐकणं आता त्यांना शक्य नाही. नोकरीच्या दिवसांत दादरला राहत असताना त्यांनी ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये वसंतराव देशपांड्यांना ऐकलंय, समोर बसून. नाटक आलं १९६७ साली, तेव्हा बाबा सव्वीस वर्षांचे. आजही त्या रात्रीबद्दल बोलताना त्यांचा हात आपोआप मांडीवर ठेका धरतो. अशा माणसाला महिनाभर आधीपासून ओढ लागली होती. दुपारी तीनलाच इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

तिकिटावर वेळ साडेपाचची. बाबांना पायऱ्या चढायला वेळ लागतो म्हणून आम्ही पाचलाच पोचलो. दार बंद. का, तर आत साउंड चेक चालू आहे. दुपारी तिथे कुठल्या तरी शाळेचं स्नेहसंमेलन होतं, ते उशिरा संपलं. ८४ वर्षांचा माणूस पंचवीस मिनिटं भिंतीला टेकून उभा. खुर्ची मागितली तर स्वयंसेवक मुलगा म्हणाला, “काकू, दोनच मिनिटं.” ती दोन मिनिटं कधी संपलीच नाहीत.

आत गेलो तर पुढच्या चार रांगांना पांढरे कागद चिकटवलेले, ‘निमंत्रितांसाठी राखीव’. सर्वांत महाग तिकीट काढूनही आम्ही पाचव्या रांगेत. ठीक आहे, म्हटलं, गाणं ऐकायचंय. पडदा उघडला सहा वाजून दहा मिनिटांनी, आणि रंगमंचावर काय? सात खुर्च्या, टेबल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या.

मग नटराजपूजन. मग दीपप्रज्वलन, त्यात वारा येतोय म्हणून पंखा बंद करा, मग पंखा चालू करा. मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, मग प्रायोजकांचा सत्कार, मग प्रायोजकांच्या वडिलांचा सत्कार, मग ज्यांनी जाहिराती दिल्या त्यांचा सत्कार. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि ‘सांगली ही नाट्यपंढरी’ इथून सुरुवात केली. अहो, ते आम्हाला पाठ आहे! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच ‘सीतास्वयंवर’ नाटक केलं, नाटककार देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, हे इथल्या शाळेतलं पोरही सांगेल. ज्या गावाला हे माहीत आहे त्या गावाला ते पंधरा मिनिटं सांगायचं, आणि ज्याच्यासाठी गाव जमलंय तो माणूस विंगेत तंबोरे जुळवून ताटकळत ठेवायचा. मला ते गायक विंगेत बसलेले दिसत होते. जुळवलेले तंबोरे असे ठेवून द्यायचे नसतात हो. दिव्यांच्या उष्णतेने, एसीच्या गारठ्याने ते उतरतात. पहिला सूर लागायच्या आधी त्यांना ते पुन्हा जुळवावे लागले आणि तोवर मागून कोणीतरी ओरडलं, “चला, सुरू करा की!” म्हणजे उशिराचा दोष त्यांच्या माथी.

पहिला सूर लागला सहा पंचावन्नला. सत्कार झाल्या झाल्या पहिल्या चार रांगांतले निमंत्रित उठले आणि निघून गेले. सगळे नाही, पण बहुतेक. हातात स्मृतिचिन्ह घेऊन, नांदी, म्हणजे सुरुवातीचं पद, चालू असताना, गाणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून. पुढचे दोन तास त्या माणसाने रिकाम्या खुर्च्यांकडे बघून गायलं. नाट्यसंगीत गाणाऱ्याला समोरचे चेहरे लागतात. एखादी जागा, म्हणजे सुरांचं खास वळण, घेतली की समोरच्याची मान हलते, ती बघून तो तीच जागा पुन्हा वेगळ्या वाटेने घेतो, तिथून पद वाढतं. चार रांगांचा खड्डा मध्ये असेल तर ती मान दिसणार कुठून? बाबा पाचव्या रांगेतून ‘वाऽ’ म्हणत होते. त्यांचा आवाज आता तेवढा पोचत नाही. मध्यंतराआधी मी दोनदा स्वयंसेवकांना सांगितलं की मागच्यांना पुढे बसू द्या. “काकू, व्हीआयपी परत आले तर?” आले नाहीत. एकही आला नाही.

आणि तो निवेदक! प्रत्येक पदाआधी पाच-सहा मिनिटं. बालगंधर्वांची मुलगी गेली त्याच दिवशी त्यांनी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग केला, १२ मार्च १९११. मी नाट्यसंगीताच्या जेवढ्या कार्यक्रमांना गेलेय, जवळजवळ तेवढ्या वेळा हे ऐकलंय. एका बापाचं दुःख आहे ते, दर वेळी पार्श्वसंगीत लावून आवाज कापरा करून विकायची गोष्ट आहे का? सांगायचंच असेल तर गाण्याबद्दल सांगा. ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ‘स्वयंवर’च्या भास्करबुवा बखल्यांच्या, या दोघांच्या चालींत काय फरक आहे ते एका मिनिटात सांगा आणि बाजूला व्हा. किंवा काहीच सांगू नका. पद स्वतः बोलतं.

आवाजाबद्दल तर काय लिहू. ऑर्गन होता, खरा पायपेटीचा ऑर्गन, एक वयस्कर गृहस्थ मन लावून वाजवत होते. नाट्यसंगीताचा तो प्राण आहे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, तिरखवाँसाहेबांचा तबला असायचा, आणि लोक गाण्याइतकेच त्या साथीला यायचे. इथे ऑर्गन मला पाचव्या रांगेत ऐकू आला नाही. कारण शेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम), दोन्ही पूर्ण आवाजात. तबल्याचा बायाँ असा घुमत होता की छातीत धडधडावं. गायकाने तीन वेळा हाताने खूण केली, खाली घ्या, खाली घ्या. साउंडवाला मोबाइलवर होता. एकदा तर ऐन तानेत माइकने शिट्टी मारली, ते थांबले, हसले, पुन्हा तिथूनच उचललं. त्यांच्या जागी मी असते तर उठून गेले असते.

आता सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. नाट्यपद म्हणजे नुसता मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, नाही. मुखडा सगळ्यांना येतो, आमच्या कामवाल्या मावशींनाही येतो, मलाही येतो. मुखड्यावर परत परत यायचं, दर वेळी नव्या वाटेने, कधी आलापाने, कधी बोलतानेने, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पोचताना ऐकणाऱ्याला वाटावं की आता चुकणार, आणि चुकू नये, ते नाट्यसंगीत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ नाटकात, १८८० साली, दोनशेच्या घरात पदं होती आणि लोक रात्र रात्र बसत. संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी १९६४ला ‘मत्स्यगंधा’ नाटकापासून पदं आटोपशीर केली, काळ ओळखून. म्हणजे कापायचं ते एका थोर माणसाने आधीच विचार करून कापलेलं आहे. त्यातून आणखी काय कापता?

यांनी कापलं. मध्यंतर दहा मिनिटांचं म्हणून अर्ध्या तासाचं केलं, कारण बाहेर प्रायोजकांचा वड्यांचा स्टॉल होता. मध्यंतरानंतर पुन्हा दहा मिनिटं आभार. मग वेळ उरला नाही म्हणून संयोजकांनी विंगेतून चिठ्ठी पाठवली आणि गायकाला सात पदांची माळ करायला लावली. सात पदं, नऊ मिनिटांत! मुखडा, ऑक्टोपॅड, पुढचा मुखडा, ऑक्टोपॅड. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. बाबांनी डोळे मिटून घेतले होते ते या नऊ मिनिटांत उघडले आणि माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत.

माझ्यापुढचा गृहस्थ सगळा वेळ मोबाइल वर धरून बसलेला. अर्धा रंगमंच मी त्याच्या स्क्रीनवर पाहिला. शेजारच्या बाईंनी कोणाला तरी व्हिडिओ कॉल लावून दिला होता, पलीकडून “आवाज येत नाहीये” असं मोठ्याने ऐकू येत होतं. वेफर्सच्या पिशव्यांचं तर सोडूनच देते. याच गावाच्या शेजारी मिरज आहे. तिथे दर्ग्यात उरुसाच्या वेळी खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मृतीची संगीत सभा होते, मोठमोठे कलाकार हजेरी लावून जातात आणि जमिनीवर मांडी घालून बसलेले लोक कसे ऐकतात ते जाऊन बघा. तिथे तिकीट नसतं. मग तिकीट काढून आलेल्या माणसाला एवढं जड का होतं?

पावणेनऊच्या सुमारास त्यांनी ‘सौभद्रा’तलं एक पद घेतलं, पूर्ण घेतलं, आणि त्या साडेसहा मिनिटांसाठी मी सहाशे काय, दोन हजारही दिले असते. सभागृह पहिल्यांदा गप्प झालं. संपल्यावर मागून तीन-चार जणांनी मनापासून हाक दिली, “वन्स मोअर!” बाबाही म्हणाले. आमच्या नाटकाची ही रीतच आहे, पिढ्यांची. गायकाचा चेहरा उजळला, त्यांनी ऑर्गनवाल्यांकडे बघितलं, ऑर्गनवाल्यांनी सूर धरलासुद्धा. आणि निवेदक माइकवर आला. “रसिकहो, आपल्या भावनांचा आदर आहे, पण वेळेचं बंधन आहे.”

वेळेचं बंधन! ते सत्कारांना नव्हतं? प्रायोजकांच्या वडिलांना नव्हतं? वड्यांना नव्हतं? तुम्ही खाल्लेला वेळ गाणाऱ्याच्या ताटातून काढून घेता आणि वर आम्हाला घड्याळ दाखवता?

भैरवी, म्हणजे कार्यक्रमाचं शेवटचं गाणं, सुरू झाली आठ पंचावन्नला. गाडी पार्किंगमधून आधी निघावी म्हणून निम्मं सभागृह उठलं. खुर्च्या फटाफट वर जात होत्या. अंतरा, म्हणजे मुखड्यानंतरचा भाग, यायच्या आत मागचे दिवे लागले, कारण नऊला सत्र संपतं आणि सफाईवाले दारात उभे होते. सफाईवाल्यांचं काय चुकलं, त्यांनाही घरी जायचंय. गायकाने वर दिव्यांकडे एकदा बघितलं, एक छोटी तान घेऊन सम गाठली आणि हात जोडले. अंतरा नाहीच. अंतऱ्याशिवाय भैरवी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

मी तिकिटाच्या मागे वेळा टिपत होते, मध्यंतरापासून रागाने आणखी नीट. साडेपाच ते नऊ, २१० मिनिटं. त्यात प्रत्यक्ष गाणं ५४ मिनिटं, आणि त्यातली नऊ त्या माळेची.

पूर्वी नाटक मंडळ्या गावात आल्या की महिना महिना मुक्काम ठोकायच्या. आज नाही ऐकलं तर उद्या, परवा. आता हे लोक दुपारी गाडीतून उतरतात आणि रात्री जेवून पुढच्या गावाला निघतात. आमच्या वाट्याला येतात ते तीन तास, वर्षा-दोन वर्षांतून एकदा. ज्यांचं वय ८४ आहे त्यांना ‘पुढच्या वेळी’ असं सांगायला जीभ धजत नाही माझी. रिक्षात बाबा एवढंच म्हणाले, “आवाज अजून चांगला आहे गं त्याचा. गाऊ द्यायला हवं होतं.”

काल त्याच संयोजकांचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. पुढच्या महिन्यात आणखी एक कार्यक्रम, नियमित रसिकांना तिकिटात पन्नास रुपये सवलत. मी उत्तर लिहिलं: सवलत नको. सत्कार किती आहेत, निवेदक किती वेळ बोलणार आणि गाणं किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपणार ते आधी लेखी कळवा, मग दोन तिकिटं काढते. दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.