मुलाच्या ऑटिझमचा जाब आईला विचारणे थांबवा

मुलाला ऑटिझम (स्वमग्नता, म्हणजे इतरांशी संवाद आणि संपर्क जुळवणे अवघड जाणारी मेंदूच्या वाढीतील स्थिती) असल्याचे निदान झाले की आपल्याकडे पहिली चौकशी आईची होते. गरोदरपणात काय खाल्ले, नोकरी का सोडली नाही, मोबाइल हातात का दिला, घरात मुलाशी कोणी बोलत नव्हते का, असे प्रश्न सासर-माहेर दोन्हीकडून येतात. विशेष शिक्षिका म्हणून मी ज्या आयांना भेटते, त्यांच्यापैकी कितीतरी जणी मुलाबद्दल काही विचारण्याआधीच स्वतःची बाजू मांडू लागतात. ज्या काळात त्यांना आधार हवा असतो, त्याच काळात त्यांची सगळी शक्ती स्वतःच्या बचावात खर्च होते. हे मला असह्य वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हा दोष एकेकाळी खुद्द तज्ज्ञांनीच दिला होता. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे काम करणारे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. इतरांशी भावनिक संपर्क जुळवण्यातील या मुलांची अडचण जन्मजात असावी, असे त्यांनी त्यातच नोंदवले होते. पण त्यांच्या आईवडिलांमध्ये मायेची ऊब कमी दिसते, असेही लिहिले होते, आणि पुढची अनेक वर्षे हे दुसरे विधानच अधिक गाजत राहिले. शिकागोत मुलांची निवासी शाळा चालवणारे ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये पुस्तक लिहून पालकांवरचा, विशेषतः आईवरचा, हा ठपका सर्वदूर पोहोचवला. वास्तविक बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप होता, १९६४ मध्येच उपलब्ध पुरावा तपासून ऑटिझमचे कारण जैविक असल्याचे मांडले होते. १९६९ मध्ये पालकांच्या एका सभेत कॅनर यांनी आईवडिलांना या दोषातून जाहीरपणे मुक्त केले. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जनुके सारखीच असलेल्या, म्हणजे एकसारख्या जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता, तर इतर १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. ऑटिझममागे आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे, हे त्यानंतरच्या संशोधनाने अधिकाधिक पक्के केले.

असे असताना तोच आरोप आज ‘व्हर्च्युअल ऑटिझम’, म्हणजे मोबाइल-टीव्हीच्या पडद्यामुळे झालेला ऑटिझम, या नावाने परत आला आहे. या नावाचे कोणतेही निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय वर्गीकरणात नाही. लहान मुलाने तासन्‌तास पडद्यासमोर बसणे वाईटच, त्याने बोलणे आणि खेळणे मागे पडू शकते, आणि तो वेळ जरूर कमी करावा. परंतु अनेक घरांत कार्यकारणाचा क्रम उलटा लावला जातो. तेच गाणे, त्याच क्रमाने, त्याच आवाजात पुन्हा पुन्हा लागते, ही निश्चितता ऑटिस्टिक मुलाला माणसांच्या अनिश्चित वागण्यापेक्षा सुखाची वाटते, म्हणून ते मूल पडद्याकडे ओढले जाते. आणि दिवसभर एकटीने त्याला सांभाळणारी आई भाकऱ्या होईपर्यंत फोन देते, तेव्हा तिच्या मदतीला दुसरे कोणी नसते.

लग्नसमारंभात डीजे सुरू होताच कान दाबून जमिनीवर लोळणाऱ्या मुलाकडे पाहून ‘वळण नाही’ असे म्हणणारे नातेवाईकही आईकडेच बोट दाखवत असतात. आवाज, उजेड, वास, स्पर्श यांबद्दलची तीव्र किंवा अतिशय मंद प्रतिक्रिया हे ऑटिझमचे लक्षण म्हणून अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदाननिकषांत समाविष्ट केले. हट्ट करणारे मूल हवी ती वस्तू मिळाली की बहुधा शांत होते. असह्य आवाजाने कोसळलेल्या मुलाला काही मिळवायचेच नसते, त्याला त्या आवाजातून बाहेर पडायचे असते. त्या वेळी मुलाला शांत जागी घेऊन जाणारी आई त्याचे लाड करत नसते. तिने अगदी योग्य तेच केलेले असते.

आईवडिलांना शिकवल्याने मुलाला फायदा होतो, हेही तितकेच खरे. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत झालेल्या एका अभ्यासात ६५ मुलांच्या कुटुंबांचा समावेश होता. विशेषज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाचे लक्ष जिकडे आहे तिकडे आपण जावे आणि त्याला प्रतिसाद कसा द्यावा, हे शिकवले. पालकांच्या संवादाच्या पद्धतीत स्पष्ट सुधारणा झाली आणि मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. गावोगावी थेरपिस्ट नसलेल्या आपल्या भागासाठी हे मोलाचे आहे. मात्र आई मदत करू शकते, याचा अर्थ तिच्यामुळे हे झाले असा कोणी काढू नये. आणि हे शिक्षण एकट्या आईच्या डोक्यावर टाकू नये. वडिलांनी सत्राला येऊन बसलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आजी येत असेल तर फारच उत्तम, कारण सकाळचा मोठा वेळ मूल तिच्यापाशी असते.

कागदपत्रांचे काम तर घरातील दुसऱ्या कोणीही अंगावर घ्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. ऑटिझमसारख्या दिव्यांगत्वांसाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविम्याचे संरक्षण आहे. मूल १८ वर्षांचे झाल्यावर गरज असल्यास कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. या फेऱ्या काका, आत्या, मामा कोणीही मारू शकतात. आणि ज्यांना तेही जमणार नाही, त्यांनी मुलाला कोणता आवाज सोसत नाही, भूक लागली की ते कसे सांगते, कशाने शांत होते, एवढे आईकडून समजून घ्यावे आणि रविवारची दुपार त्याच्याजवळ थांबावे, म्हणजे तिला झोप मिळेल.