‘गुरूची परीक्षा घेऊ नये’ या दाव्याचा प्रतिवाद

एखाद्या बाबावर, महाराजावर किंवा स्वतःला देवदूत म्हणवणाऱ्या प्रवचनकारावर गुन्हा दाखल झाला की, दोन-चार दिवसांत एक ठरावीक आशयाचा मजकूर घराघरातल्या फोनवर फिरू लागतो. नावे बदलतात, मुद्दे तेच राहतात. गुरूची परीक्षा घेणे हेच मुळात पाप आहे. ज्याला अनुभव आलेला नाही त्याला बोलण्याचा अधिकार नाही. लाखो भक्त, त्यांतले डॉक्टर, इंजिनिअर आणि मंत्री हे सगळे मूर्ख आहेत काय. महाराज कोणाकडून एक पैसाही घेत नाहीत. समाजाने ज्ञानेश्वरांना आणि तुकारामांनाही छळलेच होते. आणि शेवटी, हा जादूटोणाविरोधी कायदा म्हणजे आपल्या वारी-कीर्तनावरचा घाला आहे. या दाव्यांचा विचार करण्यासाठी देव आहे की नाही हा वाद सोडवण्याची गरज नाही. देव आहे असे धरून चालले, तरीही हे दावे टिकत नाहीत, आणि ते न टिकण्याची कारणे प्रामुख्याने श्रद्धेच्या परंपरांनीच लिहून ठेवलेली आहेत.

पहिला दावा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बाकीचे सगळे त्याच्या आडोशाला उभे आहेत. गुरूची परीक्षा घेऊ नये असे सांगणाऱ्यांनी दासबोधाचा पाचवा दशक उघडावा. त्यातला दुसरा समास गुरुलक्षणाचा असून त्याची सुरुवातच ‘जे करामती दाखविती । तेहि गुरु म्हणिजेती । परंतु सद्गुरु नव्हेती । मोक्षदाते’ अशी आहे. समर्थ येथे करामती खोट्या असतात असे म्हणत नाहीत. करामत खरी असली तरी तिच्यावरून सद्गुरू ठरत नाही, असे ते म्हणतात, आणि हा फरक फार मोलाचा आहे. त्याच समासात पुढे, जे गुरू शिष्याला साधनेला लावत नाहीत आणि त्याच्याकडून इंद्रियदमन करवून घेत नाहीत, असे गुरू अडक्याला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत, असा रोखठोक निवाडा आहे. ज्या परंपरेत गुरूला देवापेक्षाही वरचे स्थान दिले गेले, त्याच परंपरेने गुरू निवडण्याआधी पारखून घेण्याची जबाबदारी शिष्यावर टाकली, आणि यात विसंगती मुळीच नाही. ज्याच्या हाती सर्वस्व सोपवायचे, त्याला पारखून घेणे अधिकच आवश्यक ठरते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ (इंग्रजीत ड्युटेरॉनॉमी) या नावाच्या पुस्तकात खोट्या संदेष्ट्याला ओळखण्याच्या दोन कसोट्या आहेत. अठराव्या अध्यायातली कसोटी सोपी आहे: सांगितलेले घडले नाही, तर तो शब्द देवाचा नव्हता. तेराव्या अध्यायातली कसोटी मात्र अधिक खोल जाते. संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह प्रत्यक्षात उतरले, आणि त्यानंतर तो तुम्हाला तुमच्या देवापासून दूर चला असे म्हणू लागला, तरीही त्याचे ऐकू नका, असे तेथे बजावले आहे. चिन्ह खरे ठरणे हा निर्णायक पुरावा नाही. त्या चिन्हाच्या बळावर तो तुमच्याकडून काय करवून घेऊ पाहतो, ते तपासायचे आहे. समर्थ आणि हा प्राचीन यहुदी ग्रंथ यांचा परस्परांशी काहीही संबंध नसताना दोघे एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. तेव्हा परीक्षा घेऊ नका हा उपदेश धर्माचा नसून, परीक्षेत ज्याचे नुकसान होणार आहे त्याचा आहे, असे म्हणण्यास बरीच जागा उरते.

अनुभवाचा दावा अधिक सहानुभूतीने पाहायला हवा, कारण अनुभव सांगणारा भक्त बहुधा खोटे बोलत नसतो. त्याने जे पाहिले ते त्याने पाहिलेच. प्रश्न आहे तो त्या घटनेचा अर्थ कोणी लावून दिला, हा. न सांगता मनातले ओळखणे हे सर्वाधिक परिणामकारक असल्यामुळे त्याचाच विचार करू. दुसऱ्या शतकात, काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील अबोनोटिकस या गावी अलेक्झांडर नावाच्या माणसाने ग्लायकॉन नावाचा सर्परूपी देव प्रकट केला आणि लोकांकडून मोहोरबंद चिठ्ठ्यांत प्रश्न मागवून घेतले. चिठ्ठी तशीच बंद परत येई आणि उत्तर मात्र प्रश्नाला धरून असे. त्या काळातला लेखक लुशियन याने ही युक्ती लिहून ठेवली आहे: तापवलेल्या सुईने मोहोरेखालचे मेण सोडवायचे, मजकूर वाचायचा आणि मोहोर पुन्हा चिकटवायची. विशेष म्हणजे या देवाच्या उत्सवाच्या आरंभी ख्रिस्ती आणि एपिक्युरसचे अनुयायी, म्हणजे विश्वास न ठेवणारी मंडळी, बाहेर हाकलण्याचा विधीच होता. शंका घेणाऱ्यासमोर सिद्धी चालत नाही, हे वाक्य आजही आपण ऐकतो. त्याचे वय किमान अठराशे वर्षे आहे.

अमेरिकेत पीटर पोपॉफ हा प्रवचनकार भरसभेत अनोळखी माणसाचे नाव, पत्ता आणि आजार सांगे. 1986 मध्ये जादूगार जेम्स रँडी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सभागृहात रेडिओलहरी पकडणारे यंत्र नेले, तेव्हा त्यावर पोपॉफच्या पत्नीचा आवाज ऐकू आला. सभेआधी लोकांनी भरून दिलेल्या प्रार्थनापत्रांवरची माहिती ती वाचून दाखवत होती आणि ती पोपॉफच्या कानातल्या छोट्या यंत्रात पोहोचत होती. हे ध्वनिमुद्रण दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि पुढच्याच वर्षी पोपॉफने दिवाळखोरी जाहीर केली. सुईच्या जागी रेडिओ आला, एवढाच अठरा शतकांचा फरक. आपल्याकडे दरबारात नंबर लावताना नाव, गाव आणि अडचण लिहून घेणारे सेवेकरी, रांगेत शेजारी उभा राहून आपुलकीने चौकशी करणारा ‘जुना भक्त’ आणि आता समाजमाध्यमांवर आपणच टाकलेली छायाचित्रे, एवढी साधने हाताशी असताना दिव्य दृष्टीची गरज नेमकी कोठे पडते, हे दावा करणाऱ्याने सांगावे.

आजार बरे होण्याचे गणितही असेच आहे. सांधेदुखी, अर्धशिशी, दमा यांसारखे विकार वर-खाली होत राहतात आणि माणूस महाराजांकडे धाव घेतो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर काहीही केले अथवा न केले, तरी पुष्कळदा उतार पडतोच. ज्याला उतार पडला तो माईकसमोर येतो, ज्याला पडला नाही तो घरी राहतो किंवा दगावतो. हवनकुंडात आगपेटीशिवाय अग्नी प्रकटणे वगैरे प्रकारांवर शब्द खर्च करण्याचे कारण नाही, कारण पोटॅशियम परमँगनेटवर तूप म्हणून ग्लिसरीन ओतले की ज्वाळा उठते, हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळाशाळांतून दाखवत आले आहेत.

लाखो लोक आणि शिकलेले लोक हा दावा तर इतिहासाने पुन्हा पुन्हा खोडून काढला आहे. जपानमधील ओम् शिनरिक्यो या पंथात विज्ञानाचे पदवीधर आणि डॉक्टर होते; 20 मार्च 1995 रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडणाऱ्यांमध्ये इकुओ हायाशी हा हृदयशल्यचिकित्सकही होता. ‘पीपल्स टेंपल’ या अमेरिकी पंथाचा प्रमुख जिम जोन्स हा सॅन फ्रान्सिस्को शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा अध्यक्ष होता आणि नामवंत राजकारणी त्याच्यासोबत व्यासपीठावर बसत. कर्करोग बरा करतो असे सांगून तो कोंबडीची आतडी ‘बाहेर काढलेली गाठ’ म्हणून दाखवत असे. 18 नोव्हेंबर 1978 रोजी गयानामधील त्याच्या वसाहतीत आणि परिसरात 900हून अधिक माणसे मेली, त्यांत सुमारे 300 मुले होती. पदवी माणसाला एका विषयात तरबेज करते. दुःख, एकटेपणा किंवा अपत्याची आस यांपासून ती संरक्षण देत नाही. मंत्र्यांचे तर आणखी सोपे आहे: ते दर्शनाला जातात की गर्दीला, हे त्यांनाच विचारावे.

‘पैसा घेत नाहीत’ या म्हणण्यात एक अर्धसत्य दडलेले असते, कारण काही जण खरोखरच रोख रक्कम हाती धरत नाहीत. ख्रिस्ती धर्माच्या अगदी आरंभीच्या काळातील डिडाखे या छोट्या नियमपुस्तिकेत फिरत्या उपदेशकांबद्दल नियम आहे की, तो तीन दिवस मुक्काम ठोकून बसला तर खोटा समजावा आणि निघताना पैसे मागितले तरी खोटा समजावा. यातली मुक्कामाची अट मला पैशाच्या अटीहून अधिक मार्मिक वाटते, कारण रोकड ही घेण्याच्या अनेक वस्तूंपैकी एकच वस्तू आहे. जमीन ट्रस्टच्या नावावर होते, श्रम सेवा म्हणून घेतले जातात, मते एकगठ्ठा वळवली जातात, मुलगी आश्रमात ठेवली जाते आणि घरच्यांशी बोलणे हळूहळू कमी केले जाते. बाबा काय घेत नाही याची यादी भक्तांना तोंडपाठ असते; दोन वर्षांपूर्वी जे आपले होते आणि आज नाही, त्याची यादी मात्र कोणी करत नाही.

आता संतांच्या छळाचा दाखला. तो ऐकायला भारी वाटतो, पण तर्कात तो उलटा आहे: संतांवर आरोप झाले म्हणून ज्याच्यावर आरोप झाला तो संत ठरत नाही. शिवाय तुलना करायचीच, तर पूर्ण करावी. ज्ञानेश्वरादी भावंडांना वाळीत टाकणारे आणि तुकोबांच्या गाथेला इंद्रायणीचा तळ दाखवणारे हे त्यांचे अनुयायी नव्हते, तर सत्ता हाती असलेले लोक होते. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते नदीत सोडून दिली, अशी परंपरा सांगते. म्हणजे छळ झालेल्याच्या हाती बळ नव्हते आणि असलेलेही त्याने टाकले होते. आसारामविरुद्धची तक्रार मात्र त्याच्याच भक्त कुटुंबातील अल्पवयीन मुलीने केली आणि एप्रिल 2018 मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. गुरमीत राम रहीमविरुद्ध 2002 मध्ये तत्कालीन पंतप्रधानांना निनावी पत्र गेले, ते त्याच्याच डेऱ्यातल्या साध्वीचे होते. 25 ऑगस्ट 2017 रोजी तो दोषी ठरला, तेव्हा उसळलेल्या हिंसाचारात 30हून अधिक माणसे मेली. येथे छळणारा कोण आणि छळलेला कोण? शिवाय तुकोबांचा हवाला देणाऱ्यांनी ‘ऐसे कैसे झाले भोंदू । कर्म करोनि म्हणती साधु’ हाही अभंग त्याच तुकोबांचा आहे, हे विसरू नये. भोंदूंवर कोरडे ओढण्यात तुकोबांइतका निर्भीड माणूस मराठीत दुसरा शोधावा लागेल.

एक गोष्ट येथे न्यायबुद्धीने नोंदवली पाहिजे. ज्याचे सांगणे चुकले तो प्रत्येक जण लबाड असतो असे नाही. विल्यम मिलर या अमेरिकी शेतकऱ्याने बायबलमधील आकड्यांवरून ख्रिस्ताच्या पुनरागमनाचे गणित मांडले, आणि 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख उलटून गेल्यावर त्याच्या हजारो अनुयायांच्या पदरी निराशा आली. परंतु मिलरने आपले गणित सर्वांसमोर ठेवले होते आणि ते चुकल्याचे पुढे मान्यही केले. भोंदू ओळखण्याची खूण चुकीच्या भाकितात नसते, तर चूक झाल्यावर ती कोणाच्या माथी मारली जाते, यात असते. उपाय लागू पडला तर महाराजांची कृपा आणि नाही पडला तर तुमची श्रद्धा कमी, अशी दोन्ही बाजूंनी जिंकणारी मांडणी ज्याच्याकडे असेल, त्याच्यापासून दूर राहावे.

उरला कायद्याचा मुद्दा. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत 12 कृत्ये आहेत, आणि वारी, कीर्तन, प्रवचन, भजन, प्रदक्षिणा, यात्रा, इतकेच नव्हे तर होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणे, या सर्वांना कायद्याने स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवले आहे. हा कायदा कोणत्याही एका धर्माचे नाव घेत नाही. मांत्रिक, मौलवी आणि पाद्री यांना तो सारखाच लागू आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैदेची आहे, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. इतक्या वर्षांत पंढरीची वारी या कायद्याने अडवलेली नाही.

‘ज्याची त्याची श्रद्धा, तुम्हाला काय’ हे पालुपदही याच कायद्याच्या अनुसूचीत आपले उत्तर शोधू शकेल. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे, हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे. मण्यार चावलेल्या मुलाची श्रद्धा कोणती, हे त्याला कोणी विचारलेले नसते. निर्णय घरातल्या मोठ्यांचा असतो आणि विष मुलाच्या अंगात भिनत असते. डेऱ्यातल्या त्या पत्रलेखिकेचेही तेच. तिला तेथे पाठवणारे तिचे घरचेच भाविक होते, आणि पत्रापासून निकालापर्यंत जी 15 वर्षे गेली, त्या काळात गुरूची परीक्षा घेऊ नये असेच सगळे एकमेकांना सांगत राहिले.